जोडीचे डझन, वर एक

“एक उरतोच, सर.”

मामा हे म्हणायचे तेव्हा त्यांचा अंगठा बोटांवरून फिरत असायचा. तर्जनीची तीन पेरं, मधल्या बोटाची तीन, अनामिकेची तीन, करंगळीची तीन. बारा झाली की डाव्या हाताचा अंगठा एक पेर पुढं सरकायचा. असे दोन हातांवर ते बारा डझन, म्हणजे एकशे चव्वेचाळीसपर्यंत मोजायचे आणि ओठ अजिबात हलायचे नाहीत.

आपल्या शाळेत जे शिकले त्यांनी तो अंगठा पाहिलेला आहे. घंटेच्या रुळाखाली खाकी कपड्यांत उभे असलेले, पाठीला किंचित बाक आलेले आपले शिपाई. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची. तुम्हाला वाटायचं, मामा मनात जप करतात. मामा तुम्हाला मोजत असायचे.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माझ्याकडं दोन पानं मागितली आहेत. संपादक फोनवर म्हणाले, “सर, गोड काहीतरी लिहा.” माझं वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. तेव्हा गोड जमणार नाही, आणि दोन पानांतही बसणार नाही. कापाकापी करायची असेल तर आधी सांगून ठेवतो, शिरूरच्या स्टँडसमोर मी या मजकुराच्या दोनशे प्रती झेरॉक्स करून ठेवल्या आहेत. समारंभाच्या दिवशी मंडपाच्या दारात मीच उभा राहून वाटीन.

मामांचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं येईल. साहेबांचं नाव लिहायची गरज नाही. तेव्हाचे आपले हेडमास्तर, आजचे संस्थेचे अध्यक्ष. मंडपात पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर असतील. माझं नाव मात्र मजकुराखाली ठळक छापा. या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि एकदा खोटं बोललो.

मामांचे वडील मणेर. भीमेच्या अलीकडं शिरूर तालुक्यातल्या आणि पलीकडं दौंड तालुक्यातल्या बाजारांत बायकांना बांगड्या भरायचे. बांगड्या दहाच्या हिशोबात कुणी मोजत नाही. बारा बांगड्यांचा डझन, बारा डझनांचा ग्रोस. मामा लहानपणापासून बाराच्या घरात वाढले. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथं एकक-दशक शिकवलं, ते त्यांना परमुलखातलं वाटलं.

“दहाला हाय काय, सर?” ते म्हणायचे. “दोन आन् पाच. संपलं. बाराला बघा. दोघींत जातो, तिघींत जातो, चौघींत जातो, साहाजणींत जातो. बारा म्हंजी लई मनमिळाऊ नंबर.”

लिहायचेही ते तसंच. एकशे तीनला त्यांच्याकडं ‘८७’ लिहायचं, आठ डझन आणि सुटे सात. सुटे दहा किंवा अकरा असले तर त्यांना एकच घर पुरावं म्हणून त्यांनी ‘द’ आणि ‘अ’ ही अक्षरं घेतली होती. पस्तीस म्हणजे ‘२अ’, दोन डझन सुटे अकरा. गणितात याला बारा पायाची पद्धत म्हणतात. मामा त्याला ‘आमच्या घरची मोजणी’ म्हणायचे.

आणखी एक त्यांच्या घरची रीत. मणेराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. मामांनी ती रीत नंबरांनाही लावली होती. पंधराचे तीन पाचे होतात, म्हणजे पंधरा वाढतो. तेराचे समान तुकडे होतच नाहीत, म्हणजे तेरा वाढत नाही. पुस्तकातली मूळ संख्या म्हणजे मामांचा ‘न वाढणारा’.

हा नाद त्यांना प्रार्थनेमुळं लागला. पोरांच्या सारख्या रांगा लावायचं काम त्यांच्याकडं होतं. एकदा सकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “सर, आज रांगा लागायच्या न्हाईत. एकशे तीन आलीत. आठ डझन सात. न वाढणारा हाय.”

“मग?”

“मग काय, मीबी पोरगंच.”

आणि ते स्वतः शेवटच्या रांगेच्या टोकाला, सहावीच्या मुलांशेजारी हात जोडून उभे राहिले. एकशे चार. तेरा-तेराच्या आठ रांगा, शेवट एका रेषेत. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, कधी कधी मामा तुमच्या रांगेत असायचे आणि तुम्ही फिदीफिदी हसायचात. त्या दिवशी शाळेची हजेरी मूळ संख्या असायची.

हे मी पुष्कळ दिवस गंमत म्हणूनच बघत होतो. मग एका दुपारी मी घंटेपाशी पान खात उभा होतो तेव्हा मामांनी माझ्यापुढं हात पसरला.

“सर, दोन आन् तीन सोडा. त्याच्या फुडचा कंचाबी न वाढणारा नंबर घ्या. तो माझ्या चारच पेरांवर थांबतो.” अंगठ्यानं दाखवलं. तर्जनीचं पहिलं पेर, मधल्या बोटाचं मधलं, अनामिकेचं पहिलं, करंगळीचं मधलं. एक, पाच, सात, अकरा. “बाकीची आठ पेरं त्याला शिवत न्हाईत. मी ग्रोसाच्या वर जाऊन बघितलं.”

मी एम.एस्सी. झालेला माणूस. तिथंच उभ्या उभ्या त्यांना कारण सांगितलं की बाकीच्या पेरांवरची संख्या दोननं नाहीतर तीननं जातेच. मामांनी ऐकून घेतलं. “म्हंजी बराबर हाय तर,” एवढंच म्हणाले. मला शाबासकी दिल्यासारखं.

दुसऱ्या आठवड्यात ते वडिलांच्या जुन्या पेटीतल्या हिरव्या बांगड्या घेऊन आले. प्रयोगशाळेच्या टेबलावर सात-सातच्या सात ओळी मांडल्या. मग एकेक उचलून दोऱ्यात डझन बांधत गेले. चार डझन झाले आणि एक बांगडी टेबलावर राहिली.

“पाचाला पाचानं गुणा, दोन डझन, वर एक. साताला सातानं, चार डझन, वर एक. अकराला अकरानं, दहा डझन, वर एक. न वाढणाऱ्याला त्याच्याशीच गुणलं की डझन कायम जोडीचे येतात. ह्या हाताला जेवढे, त्या हाताला तेवढे. आन् वर…” त्यांनी ती बांगडी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवली. “एक उरतोच, सर.”

ती बांगडी त्यांनी घंटेशेजारच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. ती तिथं का आहे हे फक्त मला माहीत होतं.

जाणकारांनी हसू नये. गणिताच्या जगात यात काही नवं नाही हे मलाही माहीत आहे. पण चौथी शिकलेल्या माणसानं पुस्तकाशिवाय बांगड्यांवर हे शोधून काढलं होतं, आणि मी इतकी वर्षं मुलांपुढं मूळ संख्यांची यादी पाठ म्हणून घेत होतो.

मी हे साहेबांना सांगितलं. पहिल्यांदा सांगताना ‘मामा म्हणाले’ असं म्हणालो. दुसऱ्यांदा ‘आम्ही पाहिलं’. त्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा अर्ज भरला तेव्हा रकान्यात माझं नाव होतं, आणि मार्गदर्शक म्हणून साहेबांचं. यातली कुठलीच पायरी चढताना माझा पाय अडखळला नाही.

तालुक्यात पहिला नंबर आला. ढालीबरोबरचा आमचा दोघांचा फोटो अजून ऑफिसात आहे, जाऊन बघा. मागं पांढरी चादर धरलेली आहे. चादरीच्या वरच्या कडेवर उजवीकडं कुणाची तरी तीन बोटं दिसतात. त्या फोटोत मामा एवढेच आहेत.

पुढचं प्रदर्शन जिल्ह्याचं होतं, शिरूरलाच. साहेबांनी मला बोलावलं. “हे ‘एक उरतो’ वगैरे ठीक आहे, पण लोकांना युक्ती लागते. असं लिहा, कोणत्याही संख्येचा वर्ग करा, बारानं भागा, एक उरला की संख्या मूळ. बस. वर मोठ्या अक्षरांत, मूळ संख्या ओळखण्याची सोपी युक्ती.”

गणित शिकवणाऱ्या माणसाला यातली खोट दिसायला किती वेळ लागतो? मला दिसली होती. मूळ संख्येच्या वर्गात एक उरतो, हे खरं. एक उरला म्हणजे संख्या मूळ, हे खोटं. मी साहेबांना म्हणालो, “चांगलं आहे.”

तक्ता रंगवायला मामांना दिला, त्यांचं अक्षर टपोरं होतं. त्यांनी मजकूर वाचला आणि ब्रश खाली ठेवला.

“उलटं धरू नका, सर. पंचवीस बघा. पंचवीस तर पाचात वाढतो. पन त्याला त्यानंच गुणा, सव्वासहाशे. बावन्न डझन, वर एक. पंचविसाचाबी एक उरतो.”

“परीक्षक एवढ्या खोलात जात नाहीत, मामा. तुम्ही रंगवा.”

“पन खोटं हाय ते.”

“साहेबांनी सांगितलंय.”

त्यांनी रंगवलं. निळी अक्षरं, लाल किनार. 

परीक्षक म्हणून पुण्याहून एक बाई आल्या होत्या. तक्त्यापुढं उभ्या राहिल्या, हसून मान डोलावली, पुढच्या टेबलाकडं निघाल्या आणि मध्येच परत फिरल्या. पर्समधून पेन काढून स्वतःच्या तळहातावर काहीतरी केलं.

“सर, पंचवीसचं काय?”

मी तक्त्याची लाल किनार बघत राहिलो. साहेब मात्र एका क्षणात बोलले. “अरेरे. मॅडम, तक्ता आमच्या शिपायानं रंगवलाय. सरांनी दिलेला मजकूर त्यानं बदललेला दिसतो. जरा स्वतःला गणिती समजतो तो.” आणि माझ्याकडं वळून, “काय हो सर?”

मामा माझ्या मागं, पाण्याचा जग घेऊन उभे होते.

मी म्हणालो, “हो. त्याचीच चूक आहे.”

आयुष्यभर मी त्यांना ‘मामा, तुम्ही’ म्हणत आलो. त्या वाक्यात ‘त्याची’ म्हणालो. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मागं बघितलं तेव्हा मामांचा अंगठा करंगळीवर थांबलेला होता. तो हलताना मी त्यानंतर एकदाच पाहिला.

दोन दिवसांनी साहेबांनी मला ऑफिसात बसवून मेमो सांगितला. टायपिस्ट रजेवर होता आणि माझं अक्षर वळणदार. ‘शैक्षणिक तक्त्यातील मजकुरात परस्पर फेरबदल करून आपण संस्थेची अप्रतिष्ठा केली आहे. आपणावर कारवाई का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’ वर जावक क्रमांक १२७. खाली साहेबांची सही. द्यायला मलाच पाठवलं.

मामांनी कागद घेतला. मजकूर त्यांनी वाचलाच नाही. वरचा आकडा बघितला आणि अंगठा सरकला. दहा डझन, मग सात पेरं.

“जावक नंबर चांगला पडलाय, सर,” ते म्हणाले. “दहा डझन सात. कशानं वाढत न्हाई हा.”

खुलासा त्यांनी दिला नाही. मला त्यांनी दोष द्यावा, आरडाओरडा करावा, असं मला वाटत होतं. त्यांनी तसं केलं असतं तर मला चिडायला तरी जागा मिळाली असती.

महिन्याभरात त्यांची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाखेत झाली, दौंड तालुक्यात, केडगावच्या पुढं. नदी ओलांडली की झालं, पण रस्त्यानं दोन एस.ट्या. शेवटच्या दिवशी त्यांनी पाचची घंटा दिली, हातोडा रुळाखाली टेकवून ठेवला, खिळ्यावरची हिरवी बांगडी काढून खिशात घातली आणि गेले. तक्त्यावरचं ते वाक्य आम्ही नंतर दुरुस्त करून घेतलं. तोच तक्ता आज ‘गणित दालना’त लावलेला आहे. दारावरची पाटी तुम्ही वाचलेली आहे. ‘संकल्पना’ म्हणून माझं नाव, ‘मार्गदर्शन’ म्हणून साहेबांचं. चूक निघाली तेव्हा तक्ता मामांचा होता, दुरुस्त झाल्यावर तो आमचा झाला.

आता मामांनी माझ्यावर उगवलेल्या सुडाची गोष्ट सांगतो. असा सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रदर्शनाला वर्ष झालं त्या दिवशी माझ्या घरी एक पोस्टकार्ड आलं. नाव नाही, गाव नाही. टपोऱ्या अक्षरात ‘२१’ आणि खाली ‘एक उरतोच’. दोन डझन एक. पंचवीस.

दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी ‘२अ’. पस्तीस. पाच साते. त्याचाही वर्ग केला की एक उरतो, आणि तोही मूळ नाही.

तिसऱ्या वर्षी आलं ‘४१’. मी अंगणात उभा होतो. एकेचाळीस! एकेचाळीस तर मूळ संख्या. मामांनी मला माफ केलं, असं वाटून मी तसाच आत गेलो आणि बायकोला म्हणालो, आज काहीतरी गोड कर. ती रवा भाजायला लागली. वास घरभर पसरला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कार्ड माझ्या मोजणीत लिहिलेलं नाही. चार डझन एक. एकोणपन्नास. सात साते. तो शिरा मी संपवला.

त्यानंतर दरवर्षी. न वाढणाऱ्याच्या वेशात फिरणारे, आतून वाढलेले नंबर. लहानापासून चढत्या क्रमानं, एकही न गाळता. दिसायला चोख आणि फोडलं की दुसराच माल. असला नंबर माणसाच्या दारात पोस्टानं आला की त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

पंधराव्या वर्षी ‘अअ’ असं आलं. अकरा डझन अकरा, एकशे त्रेचाळीस, अकरा गुणिले तेरा. आमचा पोस्टमन कार्ड उलटंसुलटं करून म्हणाला, “सर, कोण हो हे वरडतंय?”

मी म्हणालो, “आमचे एक जुने सहकारी.” सहकारी हा शब्द मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा वापरला, तोही पोस्टमनपुढं.

बावीस कार्डं आली. तुम्ही म्हणाल, मग केडगावला जाऊन पाय का धरले नाहीत? दोनदा दौंडच्या एस.टी.त बसलो. दोन्हीदा मध्येच उतरलो. पाय धरले की हे सगळं संपणार होतं, आणि मग पाटीवरचं नावही उतरवावं लागणार होतं. मला पाटी हवी होती. हे लिहायला सोपं जात नाही, पण आज लिहिलं नाही तर कधी लिहिणार?

गेल्या वर्षी कार्ड आलं नाही. मी तीन दिवस फाटकाशी उभा राहिलो. मग कळलं, मामा गेले.

यंदा महोत्सवाची तयारी सुरू झाली, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दालनाला मामांचं नाव द्यावं. अपराध फेडायची मला घाई झाली होती. त्यांच्या मुलीचं दौंडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान आहे, तिची परवानगी घ्यायला गेलो. या वेळी मध्ये उतरलो नाही.

ती एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. मला तिनं ओळखलं. बसा म्हणाली नाही.

“थांबा सर. मधीच सोडलं तर हात आखडंल यांचा.”

एक हात झाला, दुसरा झाला. मग त्या बाईंच्या सुनेचे दोन हात. मी दुकानाबाहेर उन्हात उभा. ती मुद्दाम सावकाश करत होती आणि मला ते बरं वाटत होतं.

“बोला. काय काम काढलं?”

मी सांगितलं. दालन, पाटी, मामांचं नाव.

“कुणी ठरवलं हे?”

“मी.”

“आन् तुमच्या साहेबांनी?”

त्यांना मी विचारलेलं नव्हतं. ती रिकामी खोकी एकावर एक रचत म्हणाली, “सर, मी तवा सातवीत होते. तुमच्याच शाळेत. पोरी मला पंचवीस म्हणायच्या. ए पंचवीस, पानी दे. ए पंचवीस, तुझ्या बापानं काय रंगवलं. तुमच्या तासालाबी म्हणायच्या. तुम्ही फळ्याकडं तोंड करून उभे ऱ्हायचा.”

हे खरं आहे. मला ऐकू यायचं.

“दहावीला मला गणितात काठावर मार्क पडले. अब्बांच्या पोरीला! घरात त्यांनी शिकवायचं सोडूनच दिलं होतं. म्हणायचे, नंबर शिकू नको बाई, दुसऱ्याच्या तोंडात जातात ते. वरसातनं एकदा कार्ड लिवायला बसायचे, तेवढाच दिवस बोटं हालायची.” तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “अब्बांचं नाव तुमच्या शाळंनं कितींदा लिवलं, सर?”

“एकदा,” मी म्हणालो. “मेमोवर.”

“कुणाच्या हातानं?”

“माझ्या.”

“मग बस झालं की तेवढं. आता तुमच्या हातनं आमचं नाव नको. पाटीवरबी नको, पेपरातबी नको.”

“मग मी काय करू?”

“तुमचं काढा.”

म्हणून या मजकुरात मामांचं नाव नाही.

मी निघालो तेव्हा तिनं हाक मारली. गल्ल्याखालच्या पत्र्याच्या डब्यातून एक पोस्टकार्ड काढून पुढं केलं. “हे टाकायचं ऱ्हायलं होतं. पत्ता तुमचाच हाय.”

‘९४०१’. खाली, अक्षर थरथरलेलं, ‘एक उरतोच’.

आतापर्यंतचे सगळे नंबर दोन-तीन घरांचे. हा चार घरांचा. बारा ग्रोसांचा एक मोठा ग्रोस, असे नऊ, मग चार ग्रोस, डझन एकही नाही, सुटा एक. एस.टी.त बसल्या बसल्या तिकिटाच्या मागं मांडलं. सोळा हजार एकशे एकोणतीस. क्रम सोडून इतका मोठा नंबर मामांनी का घेतला? मला वाटलं, हा न वाढणारा असणार. जाताना सोडलं त्यांनी मला. आशेला वय नसतं आणि लाजही नसते.

घरी येऊन मांडून बसलो. कॅल्क्युलेटर घेतला नाही. एकशे तीसचा वर्ग सोळा हजार नऊशे, म्हणजे एकशे तीसच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, कशानंच गेला नाही तर तो मूळ. दोन आणि तीन नकोत. पाचपासून सुरुवात. डोळ्यांना मोतीबिंदू, रोज चार भागाकार जमायचे. पाच, सात, अकरा, तेरा. बाकी उरली. दुसऱ्या दिवशी चार, बाकी उरली. सातव्या दिवशी एकशे तेरानं भागलं आणि बाकी उरली. अठ्ठावीस भागाकार झाले. त्या रात्री मला किती वर्षांनी गाढ झोप लागली.

आठव्या दिवशी एकच भागाकार राहिला होता. कागदाच्या वर एकशे सत्तावीस लिहिला आणि माझा हात थांबला. हा आकडा याच वळणानं मी पूर्वी एकदा लिहिला होता.

भागाकार बरोबर सुटला. एकशे सत्तावीस गुणिले एकशे सत्तावीस.

मामांनी मेमोचा जावक नंबर त्याच्याशीच गुणून मला पाठवला होता, आणि शेवटच्या भागाकारापर्यंत मला आशेवर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पेचकस घेऊन शाळेत गेलो आणि दालनाच्या दारावरची पाटी उतरवली. नवा शिपाई म्हणाला, “सर, अध्यक्षांना विचारलंय का?” मी म्हणालो, “विचारणार आहे, मंडपात.” पाटी माझ्या घरी खाटेखाली पालथी पडली आहे. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय, तिथं काही लावू नका.

साहेब, मेमोवर सही तुमची आणि अक्षर माझं. कार्डात एकशे सत्तावीस दोनदा आहे. एक माझा. दुसरा इतकी वर्षं माझ्याच पत्त्यावर येत राहिला, तो आज तुम्हाला पोचता करतो. गुणाकाराचे एक हजार तीनशे चव्वेचाळीस डझन होतात. जोडीचे आहेत, भांडण नको. सहाशे बहात्तर तुमचे, सहाशे बहात्तर माझे. पुरतील आपल्याला उरलेल्या दिवसांना.

वर एक उरतो. त्याला तुम्ही किंवा मी हात लावायचा नाही. घंटेचा रूळ आता काढलाय, विजेची बेल आली. भिंतीतला तो खिळा मात्र जागेवर आहे. रविवारी मी बघून आलो. त्याला काही अडकवलेलं नाही.